एका पानाचा शेजार

भाद्रपद संपत आला की वऱ्हाडातली पऱ्हाटी कमरेला लागते. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना तीच. मध्ये तुरीच्या ओळी, कडेनं धुरे. अशा वावरात सकाळी लवकर शिरावं आणि एखादं पान हलक्या हातानं उलटावं. पानाच्या पाठीवर, शिरांच्या जवळ, पांढऱ्या माश्या बसलेल्या असतात. लांबी जेमतेम मिलिमीटरभर. धक्का लागला की उठतात, थोडं भिरभिरतात आणि दुसऱ्या पानाखाली जाऊन बसतात.

शेतकरी पान उलटतो ते मोजणीसाठी. किती आहेत, फवारा मारायचा का, हे त्याला ठरवायचं असतं. त्याच्या वर्षाचा हिशेब त्या पानावर अवलंबून असतो. म्हणून या माशीचं कौतुक करायला जीभ रेटत नाही. तरी सकाळच्या निवांत वेळी तेच पान हातात धरून थोडं थांबावंसं वाटतं. पानावर जे दिसतं, त्याहून न दिसणारं कितीतरी जास्त आहे.

माशी शिरेतला रस पिते. त्या रसात साखर भरपूर असते, पण शरीर घडायला लागणारी अमिनो आम्लं फारच थोडी. नुसत्या रसावर ती जगली नसती. तिच्या पोटात पेशींचे दोन पिवळसर पुंजके असतात आणि त्या पेशींत पोर्टिएरा नावाचे जिवाणू राहतात. रसात जे कमी पडतं ते तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. जास्तीची साखर माशी चिकट थेंबांच्या रूपानं बाहेर टाकते. पानं चकाकू लागतात, मग त्यांच्यावर काळी बुरशी चढते, कापूसही चिकटतो. आपल्याला हा चिकटपणा दिसतो. तो ज्या संसारातून आला, तो संसार दिसत नाही.

पोर्टिएरा आणि पांढरी माशी यांची सोबत दहा कोटी वर्षांहून जुनी आहे. इतक्या काळानंतर दोघांनाही एकमेकांवाचून राहता येत नाही. अंडं तयार होत असताना आईच्या अंगातली, जिवाणूंनी भरलेली एक अख्खी पेशी त्या अंड्यात जाते. मोजके जिवाणू निवडून पाठवले जात नाहीत. ते जिथं राहतात ती पेशीच जाते. पिल्लू बाहेर येण्याआधी त्याच्या अंगात आईची एक जिवंत पेशी असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्या जिवाला आपण कीड म्हणून एका शब्दात मोजतो, त्याच्यातही आई लेकराला काहीतरी हातात देऊन पाठवते.

त्या पेशीत पोर्टिएराबरोबर आणखीही कुणी असू शकतं. रिकेट्सिया, वोल्बाकिया, कार्डिनियम, आर्सेनोफोनस. हे प्रत्येक माशीत असतीलच असं नाही. एका वावरात सापडतील, पलीकडच्या वावरात नसतील. त्यांच्यावाचून माशी जगते. मग ते आले कुठून, आणि पसरले कसे?

त्यांतल्या वोल्बाकियाची कहाणी डासापासून सुरू होते. १९२४ साली अमेरिकेत मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाख यांना क्युलेक्स डासाच्या शरीरात हे जिवाणू दिसले. १९३६ मध्ये हर्टिगनं त्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि सहकाऱ्याच्या आडनावावरून नाव ठेवलं. पुढं कितीतरी वर्षं कुणी त्यांच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. आज अंदाज असा आहे की जमिनीवरच्या कीटक, कोळी आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी ४० टक्के जातींत, काहींच्या मते निम्म्याहून जास्त जातींत, वोल्बाकिया आहे. म्हणजे सकाळी घराबाहेर पडून पहिला जो कीटक दिसेल, त्याच्या जातीत तो असण्याची शक्यता जवळजवळ नाणेफेकीइतकी आहे.

महाराष्ट्रातही हा शोध घेतला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी पश्चिम घाटातल्या फुलपाखरांत वोल्बाकिया शोधत होते. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ५६ जाती तपासल्या, २९ जातींत वोल्बाकिया मिळाला. त्यांतल्या २७ जातींत तो असल्याचं तोवर जगात कुठंच नोंदलेलं नव्हतं. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एकाच जातीच्या फुलपाखरांत वोल्बाकियाचे अगदी वेगळे वंश निघाले आणि वेगवेगळ्या जातींत जवळचे वंश निघाले. नुसतं आईकडून लेकीकडे जात राहिलं असतं तर असं झालं नसतं.

विरजण आठवावं. आईच्या घरचं विरजण लेकीच्या घरी येतं, रोज थोडं मागं ठेवलं जातं, रोज पुढं जातं. वर्षानुवर्षं तेच. पण एखाद्या दिवशी सगळं दही संपून जातं आणि वाटी घेऊन शेजारी जावं लागतं. त्या दिवसापासून घरातलं दही शेजारणीच्या वंशाचं होतं. ताटात वाढलेल्या दह्याकडे पाहून हे कुणाला सांगता येत नाही.

या जिवाणूंचंही जाणं-येणं असंच दोन वाटांनी होतं. रोजची वाट आईची. क्वचितची वाट शेजाराची. रोजच्या वाटेनं वंश टिकतो आणि क्वचितच्या वाटेनं तो नव्या घरात शिरतो.

आईच्या वाटेत एक विलक्षण गोष्ट आहे. वोल्बाकिया अंड्यातून पुढं जातो, शुक्रजंतूतून जात नाही. नराच्या शरीरात तो राहतो, पण नरापाशी त्याचा रस्ता संपतो. त्यामुळं त्याचं सगळं हित माद्यांशी बांधलेलं आहे. कितीतरी जातींत, ज्या मादीत वोल्बाकिया नाही तिचा संग वोल्बाकिया असलेल्या नराशी झाला, तर अंडी मरतात. मादीत त्याच वंशाचा वोल्बाकिया असेल तर नरात तो असो वा नसो, अंडी जगतात. पिढ्यांमागून पिढ्या वोल्बाकियावाल्या माद्यांची लेकरं वाढत जातात. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात एका जातीच्या फळमाशीत तो असाच उत्तरेकडे सरकला, वर्षाला सुमारे १०० किलोमीटर. माश्यांनी स्थलांतर केलेलं नव्हतं. त्या आपापल्या बागेतच होत्या. फक्त त्यांच्या आत कोण राहतं, ते बदलत गेलं.

डासांच्या बाबतीत माणसानं हे वापरलंही. १९६७ मध्ये रंगूनजवळच्या ओकपो गावात लाव्हेन या संशोधकानं वेगळ्या वंशाचा वोल्बाकिया असलेले नर क्युलेक्स डास सोडले. गावातल्या माद्यांची अंडी फळली नाहीत आणि थोड्याच आठवड्यांत तिथले डास संपले. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया असलेले एडिस डास सोडून डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पुदुच्चेरीत डासांवर संशोधन करणाऱ्या केंद्रातही असे डास तयार केले आहेत.

आणि हत्तीपाय. विदर्भातल्या जुन्या माणसांना तो सांगावा लागत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर कितीतरी वर्षं काम झालं. क्युलेक्स डास ज्या कृमीला माणसापर्यंत आणतो, त्या कृमीच्या पेशींतही वोल्बाकिया असतो. तो काढला तर कृमीची वीण थांबते आणि हळूहळू कृमीही मरतो. डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध त्यावर चालतं, ते यामुळंच. डासाचा वोल्बाकिया वेगळा, कृमीचा वेगळा. एका डासाच्या शरीरात दोघंही असू शकतात, आपापल्या घरात. हाताच्या एका चापटीनं आपण संपवतो ते एवढं मोठं गाव असतं.

आता शेजाराची वाट. ती शोधायला शास्त्रज्ञ आले ते पुन्हा कपाशीच्या पानापाशीच.

२०१२ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी दाखवलं की पांढरी माशी रस पिताना तिच्यातला रिकेट्सिया झाडाच्या रसवाहिन्यांत उतरतो. तिथून तो त्याच पानावर बसलेल्या दुसऱ्या माशीत जातो. कपाशी, सब्जा, कामोनी, तिन्हींच्या पानांत तो उतरलेला दिसला. २०१७ मध्ये चीनच्या संशोधकांनी वोल्बाकियाबद्दल तसंच दाखवलं, तेही कपाशीवर. माश्या उठून गेल्यावरही तो पानात किमान ५० दिवस टिकला. नंतर त्या पानावर वोल्बाकिया नसलेल्या माश्या सोडल्या. त्यांतल्या बहुतेकींनी तो घेतला आणि आपल्या पिल्लांना दिला.

पन्नास दिवस म्हणजे पऱ्हाटीच्या आयुष्याचा मोठा तुकडा. पाती लागल्यापासून बोंड भरत येईपर्यंतचा काळ. एक माशी येऊन जाते, मरून जाते. जिला तिनं कधी पाहिलं नाही, जी तिच्या कुळातली नाही, अशी दुसरी माशी महिन्याभरानं त्याच शिरेला तोंड लावते. पहिलीच्या अंगातलं काहीतरी दुसरीच्या अंगात जातं आणि तिच्या लेकींच्या लेकींपर्यंत पोचतं. दोघींची भेट कधी झालीच नाही. दोघींचं नातं एका पानानं जोडलं, आणि पानाला त्याची खबरही नाही.

झाड म्हणजे आपल्याला खाद्य वाटतं, किंवा पीक, किंवा सावली. ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची ठेव सांभाळणारंही असू शकतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

शेजाराच्या वाटेवर आणखी एक जण भेटतो. एरेटमोसेरस नावाची अगदी बारकी गांधीलमाशी पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर अंडी घालते. कृषी खात्याच्या भाषेत ती मित्रकीटक. पिल्लू योग्य आहे का हे बघायला ती त्याला टोचते. कधी टोचून पाहते आणि सोडून देते. २०१५ मध्ये असं आढळलं की वोल्बाकिया असलेल्या पिल्लाला टोचल्यावर तिच्या तोंडाला आणि अंडी घालायच्या नळीला तो लागून राहतो. पुढचं पिल्लू टोचलं की तो त्याच्यात उतरतो. ते पिल्लू जगलं, वाढलं, तर त्याच्यापासून वोल्बाकियावाली एक नवी मातृवंशाची ओळ सुरू होते. मारायला आलेली सुई मारता मारता राहिली आणि जाताना काहीतरी ठेवून गेली.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे, असं वाटू शकतं. पण आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया आहेत. श्वासातल्या प्राणवायूच्या मदतीनं अन्नाचं शक्तीत रूपांतर तिथं होतं. शंभर कोटी वर्षांहून कितीतरी आधी ते स्वतंत्र जिवाणू होते. रिकेट्सिया आणि वोल्बाकिया ज्या मोठ्या वर्गातले, त्याच वर्गातल्या कुणा पूर्वजाचे ते वंशज मानले जातात. एका पेशीत शिरले आणि राहिले. तेही आईकडूनच येतात. बापाकडून येत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या फळमाश्यांत वोल्बाकिया पसरला तेव्हा त्याच्या बरोबरीनं एका ठरावीक वंशाचे मायटोकॉन्ड्रियाही पसरले, कारण दोघांचा प्रवास एकाच अंड्यातून होता. कधीकाळचा पाहुणा आता इतका घरचा झाला आहे की ‘मी’ म्हणताना त्याला वगळता येत नाही. माझ्यात माझं किती, हा प्रश्न मी सकाळी सकाळी विचारतो आणि मला त्याची भीती वाटत नाही. उलट थोडा आधार वाटतो.

जिवाणू आत आला म्हणजे सगळं गोड होतं असं मात्र नाही. सामोआ बेटांवर एक मोठं काळं फुलपाखरू आहे, नराच्या पंखांवर निळी झाक असलेले पांढरे डाग असतात. तीच जात आपल्या मेळघाटातही उडते. सामोआत वोल्बाकिया नर-गर्भ मारून टाकायचा. २००१ साली तिथं शंभरात एखादाच नर उरला होता. पाच वर्षांत नर ४० टक्क्यांच्या आसपास झाले. वोल्बाकिया गेला नव्हता. फुलपाखरांत त्याला आवरणारा एक जनुक पसरला होता. अवघ्या दहाएक पिढ्यांत. भांडण आणि सहवास या दोन गोष्टी आपण वेगळ्या काढतो. तिथं त्या एकाच घरात, एकाच वेळी होत्या. अ‍ॅरिझोनाच्या कपाशीतही असंच झपाट्यानं घडलं. २००० साली तिथल्या पांढऱ्या माश्यांपैकी जेमतेम एक टक्क्यात रिकेट्सिया होता, २००६ पर्यंत जवळजवळ सगळ्यांत. त्या माश्या जास्त पिल्लं देत, त्यांत माद्या जास्त. माशीचं भलं झालं. शेतकऱ्याचं झालं नाही.

पऱ्हाटीत कोळीही असतात. पानांच्या बेचक्यात जाळं विणणारे, पानापानावर उड्या मारत शिकार करणारे. ते रस पीत नाहीत, रस पिणाऱ्यांना खातात. कोळी आणि कीटक यांचे पूर्वज चाळीस कोटी वर्षांहूनही आधी वेगळे झाले. तरी कोळ्यांतही वोल्बाकिया आहे, रिकेट्सिया आहे, कार्डिनियम आहे. तिथंही मुख्य वाट आईचीच. पण पहिल्यांदा तो आत कसा आला असेल? भक्ष्याबरोबर आला असावा, अशी शंका सहज येते. फ्रान्समध्ये जमिनीवरच्या काही कवचधारी जिवांत, एकानं दुसऱ्याला खाल्ल्यावर वोल्बाकिया त्याच्यात उतरतो हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. खाणारा आणि खाल्लेला यांच्यात खाण्याएवढंच नातं असतं असं आपण धरून चालतो. कधीकधी खाल्लेल्याचा सोबती खाणाऱ्याच्या लेकरांत जाऊन राहत असेल.

अमरावती विद्यापीठात गणेश वानखडे यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेळघाटच्या जंगलातले कोळी ओळखून नोंदले. दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात अतुल बोडखे यांनी कोळ्यांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावात हे काम होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. कोळ्याकडे मान वळवून पाहायला शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडून शिकलेल्या कुणीतरी उद्या आपल्या वावरातल्या कोळ्यांच्या आत कोण कोण राहतं हेही बघावं, असं फार वाटतं.

कारण एका छोट्या कोळ्यावर झालेला ब्रिटनमधला एक अभ्यास मनातून जात नाही. शेतांत राहणारा हा कोळी काडीच्या टोकावर चढतो, पोट वर करतो, रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडतो आणि त्या धाग्यानं दूर निघून जातो. २००९ मध्ये असं दिसलं की ज्या कोळ्यांत रिकेट्सिया आहे, ते असं दूर जायला कमी निघतात. जवळच्या काडीवर जातात, लांबच्या वाऱ्यावर स्वतःला सोडत नाहीत. प्रतिजैविक देऊन रिकेट्सिया काढला की ते जास्त उडू लागतात.

हे वाचून मला आधी वाटलं, औषधानं कोळी मोकळा झाला. मग वाटलं, मोकळा कुठला, तो दुसराच कोळी झाला. त्याच्या आजीच्याही आजीपासून जो आत होता, ज्याच्यासह त्याचं राहणं ठरत होतं, तो आता त्याच्यात नव्हता. जागेवर राहणारा कोळी आणि वाऱ्यावर निघालेला कोळी, यांतला खरा कोणता, हे मी अजून ठरवलेलं नाही. धागा सोडायचा की नाही हे त्या काडीच्या टोकावर कुणीतरी ठरवत असतं, आणि ठरवणारा एकटा नसतो, एवढंच कळतं.